राष्ट्रीय सण वर्गात कृतीतून शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै संपत आला की आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर शिक्षकांचे प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बहुतेक पहिली ते आठवीला शिकवणारे असतात, जिल्हा परिषदेच्या किंवा लहान अनुदानित शाळांतले. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे एक विषय दुसऱ्याला लागून आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राष्ट्रीय सण नेमके किती? शाळेत तर वर्षभर कसला ना कसला दिवस असतोच.

देशभर राष्ट्रीय सुट्टी असलेले दिवस तीन : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. त्याशिवाय आपल्याकडे १ मे हा महाराष्ट्र दिन आहे, मराठवाड्यात १७ सप्टेंबर आणि गोव्यात १९ डिसेंबर आहे. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाला सुट्टी नसते आणि शिकवायला ते बरंच आहे. जयंत्या-पुण्यतिथ्यांची यादी लांबलचक असते, तिथे परिपाठात फोटोला हार घालून दोन वाक्यं सांगणं पुरेसं आहे. खोलात जाऊन कृती करायची ती या तीन दिवसांची आणि आपल्या भागातल्या एकाची.

२. कवायत, समूहगीत, भाषणं हे सगळं आपण करतोच. मग वेगळी कृती कशाला?

झेंडावंदनाच्या रांगेतल्या पाचवीच्या मुलाला विचारून पाहा, आज काय आहे? ‘झेंडावंदन.’ कशासाठी? ‘स्वातंत्र्य मिळालं म्हणून.’ हे उत्तर १५ ऑगस्टला मिळतं आणि २६ जानेवारीलाही मिळतं. महिनाभर लेझीम बसवलेली असते, पताका लावलेल्या असतात, ‘पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ने सुरू होणारी भाषणं पाठ असतात, पण दिवसाचा अर्थ मुलाच्या हाती लागलेला नसतो.

म्हणून कृती निवडताना मी एकच कसोटी लावतो : त्या दिवशी आपण ज्या गोष्टीचा मान करतो, ती मुलाने लहान प्रमाणात स्वतः करून पाहिली का? २६ जानेवारीमागची गोष्ट म्हणजे सगळ्यांनी बसून नियम ठरवणं. २ ऑक्टोबरमागची गोष्ट म्हणजे हात न उचलता अन्यायाला नकार देणं. तिरंगी पंखा कापून चिकटवणं ही छान हस्तकला आहे, पण या कसोटीला ती उतरत नाही. लेझीम आणि समूहगीत जरूर ठेवा, त्यातला आनंद खरा असतो.

३. पहिली-दुसरीच्या मुलांना ‘प्रजासत्ताक’ कसं समजावणार?

व्याख्या सांगूच नका, आठवडाभर एक खेळ खेळा. सोमवारी एका मुलाच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवा. आज मैदानावर काय खेळायचं हे तोच ठरवणार, बाकीच्यांनी बोलायचं नाही. मंगळवारी मुकुट त्याच्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला, तेही केवळ भावंड म्हणून. वर्गात भावंड नसेल तर त्याचा शेजारी ‘राजपुत्र’ होतो. बुधवारी मुकुट कपाटात जातो. मुलं चिंचोके टाकून आपल्यातलाच एक प्रमुख निवडतात आणि शुक्रवारी तो बदलता येईल असं त्यांना आधीच सांगायचं.

शनिवारी एवढंच विचारा : कोणत्या दिवशी बरं वाटलं आणि का? ‘मंगळवारी राग आला, तिने काहीच केलं नव्हतं तरी ती राणी झाली’ असं दुसरीतलं मूल म्हणालं, तर प्रजासत्ताकाचा गाभा त्याला कळला. तो शब्द पुढे चौथी-पाचवीत येऊ दे.

४. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी यांतला फरक मुलांच्या लक्षातच राहत नाही. काय करावं?

वीस फूट सुतळी घ्या आणि वर्गाच्या भिंतीला बांधा. एक फूट म्हणजे एक वर्ष. सुतळीचं एक टोक २६ जानेवारी १९३०, दुसरं २६ जानेवारी १९५०. मधल्या तारखांच्या चिठ्ठ्या मुलांनी पट्टीने मोजून कपड्यांच्या चिमट्याने लावायच्या : ९ डिसेंबर १९४६, संविधान सभेची पहिली बैठक; १५ ऑगस्ट १९४७; २६ नोव्हेंबर १९४९, संविधान स्वीकारलं तो दिवस. १५ ऑगस्टची चिठ्ठी साडेसतरा फुटांच्या जरा पुढे येते.

मग मुलांना त्या चिठ्ठीपासून शेवटच्या टोकापर्यंत हात फिरवायला सांगा. जवळजवळ अडीच फूट सुतळी उरते. या काळात देश स्वतंत्र होता, पण राष्ट्रप्रमुख अजून ब्रिटनचा राजाच होता. त्याच्या वतीने आधी माउंटबॅटन आणि मग राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. राजा जाऊन राष्ट्रपती आले ते शेवटच्या टोकाला. सुतळीची सुरुवात १९३० ला का, हेही मुलं विचारतातच. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्यदिन म्हणून देशभर पाळला गेला. संविधान लागू करायला वीस वर्षांनी तीच तारीख निवडली. ही सुतळी वर्षभर काढू नका, प्रत्येक सणाला तिच्यावर एक चिठ्ठी वाढते.

५. ‘वर्गाचं संविधान’ नेमकं कसं करायचं? आमच्याकडे ते शिक्षकाने सांगितलेल्या नियमांचा तक्ता होऊन बसतं.

सगळ्या उपक्रमांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दिवाळीची सुट्टी संपली की सुरुवात करा. २६ नोव्हेंबरला स्वीकार, २४ जानेवारीला सह्या आणि २६ जानेवारीपासून अंमल, असं वेळापत्रक खऱ्या तारखांशी जुळवता येतं.

सुरुवात नियमांनी करू नका, तक्रारींनी करा. ‘वर्गात मला काय खुपतं?’ हे प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं. लिहिता न येणाऱ्याने मित्राच्या कानात सांगायचं. डबा उघडला की नळावरची ढकलाढकली, टोपणनावाने चिडवणं, पुढच्या बाकावर कायम तीच मुलं, मैदान कायम मुलांचं आणि मुली कडेला, असं सगळं बाहेर येतं.

मग पाच-सात जणांची मसुदा समिती निवडायची. निवडीआधी वर्गाला विचारा, समितीत फक्त हुशार मुलं घेतली तर काय होईल? मागच्या बाकावरचं, वस्तीवरून चालत येणारं, यंदाच शाळेत आलेलं मूल समितीत का हवं, हे मुलंच सांगतात. डॉ. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिची गोष्ट सांगायची ती इथे, कारण आता मुलांना समितीचं काम म्हणजे काय ते दिसतंय.

मसुदा आठवडाभर भिंतीवर लावा. कुणीही सूचनेची चिठ्ठी डकवावी. चिठ्ठ्या फार झाल्या म्हणून समिती कुरकुरू लागली, की सांगा : खऱ्या संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. हा आकडा फळ्यावर नुसता लिहिला तर मुलं विसरतात. स्वतःच्या मसुद्यावरच्या तीस चिठ्ठ्या वाचून दमल्यावर ऐकला, की त्यांचे डोळे विस्फारतात.

पुढे एकेक कलम मोठ्याने वाचायचं, चर्चा करायची आणि हात वर करून मत घ्यायचं. सात-आठ कलमं पुष्कळ झाली. त्यात एक कलम हवंच : ‘हे नियम बदलायचे असतील तर कसे बदलायचे.’ मंजुरीनंतर जे दोन महिने मिळतात त्यात सुवाच्य प्रत तयार होते. मूळ संविधानाची इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि नंदलाल बोस व शांतिनिकेतनच्या कलावंतांनी तिची पानं सजवली. तुमच्या वर्गातही चांगल्या अक्षराचा एक आणि चित्रं काढणारे चारजण असतातच. समास वारलीने सजवा, चित्रकथीने सजवा, जे गावचं असेल त्याने. २४ जानेवारी १९५० ला २८४ सदस्यांनी सह्या केल्या होत्या, तशाच वर्गातल्या प्रत्येकाने करायच्या. शिक्षकानेही करायची.

६. मुलांनी बहुमताने चुकीचाच नियम मंजूर केला तर? शिक्षकाने तो रद्द करावा का?

रद्द करू नका, कारण शिकवण्याची खरी संधी इथेच आहे. एका शाळेत ‘उशिरा येणाऱ्याने पहिला तास दाराबाहेर उभं राहायचं’ हे कलम भरघोस मतांनी मंजूर झालं. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी तेवढी हात खाली घालून गप्प बसली होती. आई मजुरीला लवकर जाते, म्हणून ती धाकट्या भावाला अंगणवाडीत पोचवून मग शाळेत येते. बाईंनी एवढंच विचारलं, ‘या नियमाने रोज कुणाचा तास बुडेल?’ वर्ग शांत झाला. मग एक मुलगा म्हणाला, ‘पण आमचं बहुमत आहे ना?’

हाच तो प्रश्न, ज्याच्यासाठी संविधानात मूलभूत हक्क आहेत. बाईंनी मुलांना एक नवं पान करायला लावलं आणि ते नियमांच्या आधी जोडलं : ‘मतदानानेही काढून घेता येणार नाहीत अशा गोष्टी.’ वर्गात बसायला मिळणं, पाणी मिळणं, मार न खाणं, जातीवरून किंवा दिसण्यावरून न चिडवलं जाणं, प्रश्न विचारता येणं. मोठ्या मुलांना इथे कलम १४, १५, १७ आणि २१ क दाखवा. समानता, भेदभावाला मनाई, अस्पृश्यतेचा अंत आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क, असा त्यांचा क्रम आहे. नियम या पानाशी जुळतो की नाही हे ठरवायला तीन मुलांचं पंचमंडळ नेमा आणि ते दर महिन्याला बदला. त्या वर्गाच्या पंचांनी दाराबाहेर उभं करणारं कलम बाद केलं आणि ‘उशीर झाला तर कारण सांगून आत यायचं’ असं सुचवलं.

७. मुलं तेच नियम आता माझ्यावर लावतात. वर्गात मोबाइलवर बोललो तर बोट दाखवतात. शिस्त बिघडणार नाही का?

याने शिस्त पक्की होते. कायद्यापुढे सगळे समान, हे मुलाने पुस्तकात वाचलेलं असतं. मोठा माणूस ‘माझं चुकलं’ म्हणून मोबाइल पिशवीत ठेवतो हे त्याने पाहिलं, की त्याचा त्यावर विश्वास बसतो. वरिष्ठांचा फोन घ्यावाच लागत असेल तर त्याचा अपवाद कलमात आधीच मंजूर करून घ्या.

८. तिरंगा बनवायचाच आहे. तो नीट कसा बनवून घ्यावा?

बाजारचा छापील झेंडा आणण्यापेक्षा तो गणिताच्या तासाला आखून घ्यावा. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ आणि तीन पट्टे सारखे. १५ बाय १० सेंटिमीटर घेतलं तर पट्टा ३.३३ येतो आणि मुलं अडकतात. म्हणून ९ बाय ६, १८ बाय १२ किंवा २७ बाय १८ घ्या. पण आधी १५ बाय १० देऊन पाचवी-सहावीला अडकू द्या. योग्य माप त्यांचं त्यांना शोधू दे. चक्राचे आरे २४, म्हणजे दोन आऱ्यांत १५ अंश. कोनमापक नसेल तर गोल कागदाला तीन वेळा निम्म्याने घडी घालून आठ भाग करा आणि प्रत्येकाचे अंदाजाने तीन. चक्र गडद निळं, काळं नव्हे.

ही रचना संविधान सभेने २२ जुलै १९४७ ला स्वीकारली. १४ ऑगस्टच्या रात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीने हंसा मेहता यांनी सभेला ध्वज अर्पण केला. मुलींना ही गोष्ट जरूर सांगा.

९. कार्यक्रमानंतर कागदी झेंड्यांचं काय करायचं? तिरंगी रांगोळी, तिरंगी कपडे, फुगे चालतात का?

२००२ पासून लागू असलेल्या ध्वजसंहितेनुसार राष्ट्रीय, सांस्कृतिक आणि क्रीडा प्रसंगी कागदी झेंडे वापरता येतात, पण नंतर ते जमिनीवर टाकायचे नाहीत. एकांतात, मानाने त्यांची विल्हेवाट लावायची. प्लास्टिकचे आणूच नका. प्रभातफेरीनंतर फाटकाशी एक स्वच्छ खोकं ठेवा आणि ते सांभाळायचं काम चौथीच्या दोघांना द्या. फाटका ध्वज पूर्णपणे नष्ट करावा लागतो, शक्यतो जाळून. ते शिक्षकांनी शांतपणे करावं, मुलांच्या हाती देऊ नये.

१९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात ध्वज म्हणजे त्याचं चित्रही धरलं आहे. म्हणून माझा सल्ला असा : केशरी, पांढरा, हिरवा रंग हवे तिथे वापरा, पण जमिनीवरच्या रांगोळीत, फुग्यावर किंवा केकवर चक्रासह पूर्ण झेंडा काढू नका. ध्वजाचा कमरेखालचा पोशाख करायचा नाही, ध्वजावर काही लिहायचंही नाही. फुलांच्या पाकळ्या ध्वजात बांधायला मात्र संहितेची परवानगी आहे.

१०. दोन्ही दिवशी ध्वज वेगवेगळ्या पद्धतीने फडकवतात म्हणे. मुलांना कसं दाखवायचं?

दिल्लीतली प्रथा अशी : १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान ध्वज खालून वर चढवतात. २६ जानेवारीला राष्ट्रपती कर्तव्यपथावर आधीच वर बांधलेला ध्वज उलगडतात. मुलांना वेताची काठी, शिवणाचं रिकामं रीळ आणि दोरा द्या. रिळाची कप्पी झाली की दोन्ही रीती बाकावर करून पाहता येतात आणि विज्ञानातली कप्पीही शिकवून होते.

शाळांसाठी संहितेत उभं राहण्याची रचनाही सांगितली आहे. मुलं चौकोनाच्या तीन बाजूंना, ध्वजस्तंभ चौथ्या बाजूच्या मध्यावर आणि मुख्याध्यापक त्याच्या तीन पावलं मागे. सातवीच्या मुलांकडून आदल्या दिवशी मैदानावर फक्कीने ती आखून घ्या.

११. २ ऑक्टोबरला स्वच्छता सोडून दुसरं काय करता येईल?

मीठ करा. ऑक्टोबरच्या उन्हाचा याहून चांगला उपयोग नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तेवढं मीठ साध्या पाण्यात विरघळवा आणि पाणी पसरट थाळ्यांत पातळ थराने ओता. किनाऱ्याजवळची शाळा असेल तर सरळ समुद्राचंच पाणी आणा. वर पातळ कापड बांधून थाळ्या उन्हात ठेवा. दोन-चार दिवसांत कडेला पांढरे कण धरतात. कोकणात पाऊस रेंगाळला तर थाळ्या खिडकीत घ्या, वेळ थोडा जास्त लागेल.

कण दिसले की मुलं बोटाला लावून चाखतात, चाखू द्या. त्यानंतर सांगा की १९३० मध्ये हे करणं गुन्हा होता. समुद्र आपला, ऊन आपलं, कष्ट आपले, पण मीठ करायचं नाही, कर भरून विकतच घ्यायचं. चेहऱ्यावर जे उमटतं ते कोणत्याही भाषणाने उमटत नाही. मग नकाशा काढा. १२ मार्चला साबरमतीहून ७८ निवडक सत्याग्रहींसह निघालेले गांधीजी ६० वर्षांचे होते. दांडीपर्यंतचं अंतर सुमारे ३८५ किलोमीटर आणि मीठ उचललं ६ एप्रिलला. रोज सरासरी किती चालले ते मुलांनी काढावं, आणि तेवढ्या अंतरावर आपल्या शाळेपासून कोणतं गाव येतं तेही.

महाराष्ट्रातलं नाव हवंच : वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये असाच सत्याग्रह झाला.

विदर्भ-मराठवाड्यात कापूस हाताशी असतो. सरकी काढणं, पेळू करणं, टकळीवर सूत ओढणं यात एक तास मजेत जातो. हातभर सूत निघेपर्यंत धागा दहादा तुटतो आणि अंगावरच्या सदऱ्यात किती कष्ट आहेत ते कळतं.

१२. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. झेंडावंदन झालं की मुलं घरी. मग कृती कधी करायची?

आधीचे आठ-दहा दिवस रोज अर्धा तास. परिसर अभ्यास, गणित आणि कार्यानुभव यांच्या तासिकांत हे सहज बसतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. प्रत्यक्ष दिवशी मुलांनी फक्त दाखवायचं, सुतळी, मीठ, सह्यांची प्रत. घरी जाण्याआधी खाऊ मिळालाच पाहिजे, त्यात बदल नको.

१३. गावात आता एकही स्वातंत्र्यसैनिक हयात नाही. स्थानिक इतिहास कुठून आणायचा?

१९४७ ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. म्हणून ‘पाहिलेलं’ विचारण्याऐवजी ‘घरात ऐकलेलं’ विचारा. मुलांना तीनच प्रश्न लिहून द्या : तेव्हा आपल्या गावावर राज्य कुणाचं होतं? शाळा कुठे होती आणि तिथे कोण जाऊ शकत नव्हतं? गावात पहिला झेंडा कुठे लागला? दुसऱ्या प्रश्नाला आज्यांकडून जी उत्तरं येतात ती जपून ठेवण्यासारखी असतात.

राज्यात अनेक तालुक्यांत हुतात्मा स्मारकं आहेत, बरीचशी कुलूपबंद. तिथे मुलांना न्या. कोरलेल्या नावांवर कागद धरून वरून आडवी पेन्सिल घासली की नाव कागदावर उमटतं. एकेका मुलाने एकेक नाव घ्यायचं आणि त्या माणसाबद्दल गावात विचारायचं. नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ ला गोळीबारात गेला तेव्हा शाळकरी वयाचा होता. सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली. चिरनेर, चिमूर, आष्टी, साताऱ्याचं प्रतिसरकार, कुठल्याही जिल्ह्यातून दिल्लीपर्यंत जायची गरज पडत नाही.

१४. आमची शाळा मराठवाड्यात आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला आम्ही स्वतंत्र झालो असं शिकवायचं का?

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि भारतात आला १७ सप्टेंबर १९४८ ला. तसंच सांगा. भारताचा कोरा नकाशा घेऊन मुलांना तो तारखेप्रमाणे रंगवू द्या. १५ ऑगस्टला मराठवाडा कोरा राहतो, १७ सप्टेंबरला भरतो. गोवा तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत कोराच. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, त्यांत महाराष्ट्रातून गेलेलेही होते. स्वातंत्र्य एका रात्रीत सगळीकडे पोचलं नाही, हे मुलांना नकाशावरून दिसतं. भिंतीवरच्या सुतळीला (प्रश्न ४) त्यासाठी पुढे आणखी बारा फूट जोडा.

१५. १ मे ला निकालाची गडबड असते. महाराष्ट्र दिनाचं काही करता येईल का?

एक छोटी गोष्ट पुरेशी आहे. निकाल घ्यायला पालक येतात, तेव्हा मुलांनी त्यांना विचारायचं, ‘तुम्ही दिवसभर हातांनी काय काम करता?’ उत्तर तळहाताच्या ठशाखाली लिहून तो कागद भिंतीवर लावायचा. कामगार दिन आणि राज्याचा वाढदिवस एकाच भिंतीवर येतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणी कामगार पुढे होते आणि मुंबईच्या हुतात्मा चौकातल्या स्मारकावर शेतकऱ्याबरोबर कामगार उभा आहे, हे सांगायला तीच जागा योग्य.

१६. एखादं मूल धार्मिक कारणाने राष्ट्रगीत म्हणत नाही, किंवा उभं राहू शकत नाही. काय करावं?

केरळमध्ये तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला : आदराने उभं राहणाऱ्याने राष्ट्रगीताचा अपमान केलेला नसतो, म्हणायची सक्ती करता येत नाही. म्हणून अशा मुलाला इतरांसमोर जाब विचारू नका. चाकाच्या खुर्चीतलं किंवा आजारी मूल बसूनच मान देईल आणि त्याची जागा रांगेतच असेल, कडेला नाही.

शब्दांचा अर्थ पोचवायला जमिनीवर मोठा नकाशा आखा आणि राष्ट्रगीत म्हणत एकेका मुलाला पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, द्राविड, उत्कल, बंग अशा ठिकाणी उभं करा. सिंधवर उभं राहिलेलं मूल भारताबाहेर दिसतं आणि प्रश्न येतोच. त्याचं पुढे प्रश्न १८ मध्ये.

१७. पाड्यावरचा मुलगा विचारतो, ‘स्वातंत्र्य मिळालं तर आमच्याकडे रस्ता का नाही?’ काय सांगू?

प्रश्न रास्त आहे असं सांगा, आणि तो लिहून काढायला सांगा. आपल्याकडे ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर याच दिवसांच्या आसपास होतात. झेंडावंदन आणि ग्रामसभा यांच्यातला हा दुवा आपण वापरतच नाही. मुलांनी पाडा ते शाळा अंतर पावलांनी मोजावं, पावसात वाट कुठे तुटते त्याचं चित्र काढावं, सरपंचांच्या नावे अर्ज लिहावा आणि पोच घ्यावी. पालकांपैकी कुणीतरी तो ग्रामसभेत वाचावा, मुलांनी मागे बसून ऐकावं. रस्ता लगेच होईल असं वचन त्यांना देऊ नका. पुढच्या ग्रामसभेत ‘त्या अर्जाचं काय झालं?’ असं विचारायला मात्र शिकवा.

१८. मुलं घरी ऐकलेली राजकीय मतं वर्गात बोलतात. फाळणी, गांधीजी, जात यांवरून वाद होतात. विषय टाळावा का?

टाळू नका, पण वय पाहा. चौथीपर्यंत ‘देशाचे दोन भाग झाले, फार माणसांना घर सोडावं लागलं’ एवढं पुरतं. एक कृती करा : घरातून कायमचं निघायचं आहे, एका पिशवीत मावतील अशा पाच वस्तूंची यादी कर. कुणी गोधडी लिहितं, कुणी शेळी लिहून खोडतं. सातवी-आठवीत कुणी एखादं मत ठामपणे मांडलं तर मुलाला खोडून काढू नका, वाक्य फळ्यावर लिहा आणि त्यासमोर दोन रकाने करा : ‘हे कशावरून?’ आणि ‘याच्याविरुद्ध काय सापडतं?’ व्यक्तीची, जातीची, धर्माची निंदा सुरू झाली तर तिथेच थांबवा. वर्गाच्या संविधानातलं पहिलं पान (प्रश्न ६) त्यासाठीच आहे.

१९. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एकत्र, पैसे नाहीत. हे सगळं जमेल?

सुतळी, चिमटे, पाठकोरे कागद, चिंचोके, मीठ, थाळी, एवढंच लागतं. एकत्र वर्गाचा इथे फायदाच होतो. चौथीतले मोजतात आणि लिहितात, पहिलीतले ठसे उमटवतात, चिमटे लावतात, चिंचोके मोजतात. वर्षात एकच मोठा उपक्रम करा आणि तो दरवर्षी बदला.

२०. मुख्याध्यापक, पालक आणि पाहुण्यांना ‘कार्यक्रम’ हवा असतो. भाषणं काढली तर नाराजी होते.

भाषणं काढू नका, बदला. पाठ केलेल्या चार पानांऐवजी प्रत्येक मुलाने एकच मिनिट, आपण काय केलं आणि काय सापडलं ते सांगायचं : ‘मी हुतात्मा स्मारकावरून हे नाव आणलं.’ ‘आमच्या वर्गाने हे कलम बाद केलं, कारण…’ घाबरणारी मुलंही हे बोलतात, कारण विसरण्यासारखं त्यात काही नसतं. पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस ठेवा, शिवाय त्यांना वर्गाच्या संविधानावर साक्षीदार म्हणून सही करायला सांगा. शालेय व्यवस्थापन समितीला आधी एक बैठक घेऊन हे सांगितलं, की विरोध सहसा राहत नाही.

२१. आम्ही परदेशात रविवारची मराठी शाळा चालवतो. आमच्या मुलांना हे दिवस दूरचे वाटतात.

दोन देशांची सुतळी शेजारी-शेजारी लावा (प्रश्न ४). तुम्ही राहता त्या देशाचं संविधान कधी झालं, मतदानाचा हक्क सगळ्यांना कधी मिळाला, आणि भारतात तो पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनच सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना होता, ही तुलना मुलं आवडीने करतात. आजी-आजोबांच्या मुलाखतीला (प्रश्न १३) व्हिडिओ कॉल आहेच. मराठीत प्रश्न विचारायचं एक खरं कारण त्यांना मिळतं.

२२. याचं मूल्यमापन कसं करायचं? नोंदीत काय लिहू?

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत तारखा पाठ झाल्या का यापेक्षा मुलाने काय केलं ते लिहा : ‘चर्चेत दुसऱ्याचं पूर्ण ऐकून मग बोलला’, ‘स्वतःला गैरसोयीच्या कलमाला कारण देऊन विरोध केला’, ‘प्रमाण ३:२ साठी योग्य माप स्वतः शोधलं’. चौथी ते आठवीसाठी दोन प्रश्न तोंडी विचारा, जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये : या दिवसाने कुणासाठी काय बदललं? आणि काय बदलायचं राहिलं? दोन्ही वेळची उत्तरं मुलाच्या शब्दांत, जशीच्या तशी उतरवा, शेजारी-शेजारी लावा आणि निकालाच्या दिवशी पालकांना दाखवा.